एक सावंत, तीन स्पेलिंगं: जुन्या वहीतली नावं आजच्या यादीशी जुळवायची कशी?

चाकरमान्याची_लेक

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची जुनी वर्गणीची वही सापडली. लालबागच्या खोलीत पोटमाळ्यावर, गणपतीच्या मखराखाली पत्र्याच्या ट्रंकेत होती. पहिली नोंद १९४८ ची. गाव देवगड तालुक्यातलं, माणसं गिरण्यांत आलेली. प्रत्येक ओळीत नाव, बापाचं नाव, वाडी, गिरणीतलं खातं (साचाखातं, रिंगखातं, वाइंडिंग), आणि वर्गणी चार आणे. काही ओळींत नावापुढे शाईचा अंगठा.

मला या माणसांच्या आजच्या घरांपर्यंत पोचायचंय. मंडळाच्या कार्यक्रमात प्रत्येक घराला आपल्या आजा-पणजाची ओळ फोटो काढून द्यावी अशी इच्छा आहे. वही मी देवनागरीत टाईप करून घेतली. पण मंडळाची आजची यादी एक्सेलमध्ये, इंग्रजीत, आणि ती वेगवेगळ्या पोरांनी वेगवेगळ्या वर्षी भरलेली. सावंत एकाने डब्ल्यू घालून लिहिलाय, दुसऱ्याने व्ही घालून, तिसऱ्याने दोन ए लावून.

ऑफिसात साऊंडेक्स (सारख्या आवाजाच्या इंग्रजी नावांना एकच कोड देणारी पद्धत) वापरलेलं आठवलं म्हणून वहीतली नावंही रोमनमध्ये करून ते लावून पाहिलं. डब्ल्यूवाल्या सावंताचा कोड आला एस५३०, व्हीवाल्याचा एस१५३. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ वेगळे पडले. उलट गावडे डब्ल्यूने लिहिलं की जी३००, आणि गाडे लिहिलं तरी जी३००! गावडे आणि गाडे एक, पण डब्ल्यूचे गावडे आणि व्हीचे गावडे वेगळे.

कुणी मराठी नावांवर असं काम केलंय का? कुठली पद्धत धरू?

आडवा_तक्ता

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, साऊंडेक्स असंच वागणार. ते फार जुनं आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी. तेव्हा हा कपाटातली कार्डं लावायचा नियम होता. पुढे १९३० च्या दशकात तिथल्या जुन्या जनगणनेची कार्डं याच पद्धतीने लावली, कारण म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली आणि लोकांना आपलं वय सिद्ध करायला जुन्या जनगणनेतलं नाव शोधावं लागायला लागलं.

नियम सोपा आहे. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. मग बी-एफ-पी-व्ही यांना १, सी-जी-जे-के-क्यू-एस-एक्स-झेड यांना २, डी-टी ३, एल ४, एम-एन ५, आर ६. स्वर टाकून द्यायचे. आणि एच, डब्ल्यू, वाय यांनाही आकडा नाही. तुमची अडचण इथेच आहे. व्हीला आकडा आहे, डब्ल्यूला नाही. इंग्रजीत हे दोन वेगळे आवाज आहेत, आपल्याला दोन्ही एकच 'व'. शिवाय पहिलं अक्षर तसंच राहतं, त्यामुळे वाघ दोन प्रकारे लिहिला तर एक डब्ल्यूच्या खणात जातो आणि दुसरा व्हीच्या.

हेच दुखणं पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांचं होतं. मॉस्कोविट्झ आडनाव कुणी डब्ल्यूने लिही, कुणी व्हीने, आणि साऊंडेक्समध्ये एकाच घराण्याचे दोन कोड होत. म्हणून १९८५ मध्ये डेच आणि मोकोटॉफ या दोघांनी आपल्या लोकांच्या नावांसाठी वेगळं साऊंडेक्स बनवलं. मला वाटतं आपल्यालाही तोच रस्ता आहे.

परळ_टीटी

एवढा खटाटोप कशाला? दोन्ही याद्या एखाद्या चॅटबॉटला द्या, दोन मिनिटांत जुळवून देईल.

अनुस्वार

लक्ष्मी मात्र साऊंडेक्सला जमते. के-एस-एच-एमने लिहा नाहीतर एक्सने लिहा, दोन्हीचा एल२५०. दीक्षितही तसंच, दोन्ही स्पेलिंगांना डी२३०. पण ज्ञानेश्वर घ्या. आपण मराठीत 'द्न्य' म्हणतो म्हणून डीने लिहितो, उत्तरेकडे जीने, संस्कृतवाले जेने. डी५५२, जी५२६, जे५५२. माउलींचे तीन खण!

बाईंचा_फळा

मी निवृत्त मराठीची शिक्षिका. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही, पण वरचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट लख्ख दिसली ती सांगते.

त्या रसेलसाहेबांनी बी-एफ-पी-व्ही एकत्र ठेवले, कारण ते ओठांशी होतात. डी-टी एकत्र, कारण जीभ दातांपाशी किंवा दातांच्या वर लागते. म्हणजे त्यांनी इंग्रजी अक्षरांची विस्कटलेली रांग उच्चारस्थानाप्रमाणे लावायचा प्रयत्न केला. आपल्याला तो करावाच लागत नाही. आपली वर्णमाला पहिलीच्या पुस्तकापासूनच तशी लावलेली आहे. क ख ग घ ङ कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य. प्रत्येक ओळीत आधी अल्पप्राण मग महाप्राण, आधी कठोर मग मृदू, शेवटी अनुनासिक. पंचवीस अक्षरांचा पाच बाय पाचचा तक्ता फळ्यावर काढला की कुठलं अक्षर कुणाचं शेजारी हे पोरांना दिसतं. द आणि ध शेजारी, ट आणि ठ शेजारी. ऐकताना चूक होते ती बहुतेक वेळा शेजारच्या घरात जाते.

मग नावं रोमनमध्ये नेता कशाला? इंग्रजी यादीच देवनागरीत आणा आणि जुळवणी आपल्या तक्त्यावर करा.

चाकरमान्याची_लेक

बाई, हे मला सुचलंच नव्हतं. मनापासून आभार. मी वही रोमनमध्ये नेत होते, म्हणजे ट आणि त एक, ड आणि द एक, ळ आणि ल एक. जेवढं हातात होतं तेवढंही घालवत होते.

कोडकोल्हापुरी

देवनागरीत केलं तरी एक सांभाळा. बहुतेक लोक मग लेव्हेनश्टाइन अंतर लावतात. सोव्हिएत गणिती व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेली कल्पना. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजायचं. जितका आकडा लहान तितके शब्द जवळचे.

आता हे देवनागरीवर चालवून बघा. कॉम्प्युटर आपलं 'अक्षर' मोजत नाही, तो काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतो. 'शिंदे' म्हणजे श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा. 'शिन्दे' म्हणजे श, वेलांटी, न, हलन्त, द, मात्रा. अनुस्वाराचा न करायचा आणि हलन्त घालायचा. अंतर २. आता 'माने' आणि 'मोरे' घ्या. कान्याचा ओकार, नचा र. अंतर २!

म्हणजे नुसत्या आकड्याला शिंदे-शिन्दे आणि माने-मोरे सारखेच. आणि काळे-काले अंतर १, काळे-काणे अंतर १. पहिली जोडी एका घरातली असू शकते. दुसरी जोडी म्हणजे दोन वेगळी घराणी.

अनुस्वार

+१. माझ्या नावाला जागून सांगतो, अंतर मोजायच्या आधी अनुस्वार एका रूपात आणा. पुढे त्याच वर्गातलं व्यंजन असेल तर न्, म्, ण्, ङ्, ञ् सगळ्यांचा अनुस्वार करून टाका. सावन्त, पन्त, अम्बिका सगळं सरळ होतं.

आणि तुमची वही १९४८ ची आहे ना? मग त्यात न उच्चारलेले अनुस्वारही असणार. नांव, गांव, कांहीं. हे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. तुमच्या वहीत 'भोंसले' असेल तर आजच्या यादीत तो 'भोसले' आहे. पण कांबळेमधला अनुस्वार खरा, तो काढायचा नाही. हे यंत्राला नियम म्हणून सांगता येणार नाही, नावांची एक छोटी यादी हाताने करावी लागेल.

चाकरमान्याची_लेक

आहे! 'भोंसले' सात ठिकाणी आहे. आणि शीर्षकातच 'नांव' आणि 'गांव' लिहिलंय.

रात्रपाळी

हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे वडील गिरणीत रिंगखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. गिरणीच्या हजेरीपटावर आडनाव मराठीत. प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपवर इंग्रजीत व्हीने. बँकेच्या पासबुकात डब्ल्यूने. घराच्या अर्जासाठी कागद घेऊन मी एका कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या माणसाने दोन कागद शेजारी ठेवले, त्या एका अक्षरावर पेन टेकवलं आणि म्हणाला, ही दोन वेगळी माणसं आहेत. वडील तिथेच बाकावर बसले होते. ऐंशी पार केलेले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग मी कोण?"

पुढे प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात जाहिरात दिली, पुन्हा रांग लावली. काम झालं शेवटी. पण त्या अक्षरासाठी आठ महिने गेले.

म्हणून लेकी, तू हे करतेयस ते फार चांगलं करतेयस. यंत्राने निदान 'हे दोघे एक असू शकतील, बघा' एवढं म्हणावं. त्या माणसाच्या समोर तेवढी जरी ओळ आली असती तरी त्याने मान वर करून बाकाकडे पाहिलं असतं.

बाईंचा_फळा

दादा, वडिलांना नमस्कार सांगा.

शीवकर

थोडं अवांतर. नावं राहू द्या, आपली स्टेशनंच घ्या. मराठीत शीव, इंग्रजीत सायन. वांद्रे आणि बांद्रा, भायखळा आणि बायकुला. वांद्रे-बांद्रा आवाजाने जुळतील, व आणि ब शेजारीच. पण शीव आणि सायन कुठल्या गणिताने जुळवणार? आणि एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, ते तर आवाजाच्या पलीकडचं.

आडवा_तक्ता

अवांतर नाही शीवकर, हे मुद्द्याचं आहे. आवाजाने जुळत नाही तिथे टोपणनावांची यादीच लागते. ताईंच्या वहीत 'बाळू' असेल आणि आजच्या घरात कागदोपत्री 'बाळकृष्ण'. दत्तू आणि दत्ताराम. ज्ञानू आणि ज्ञानदेव. यातलं काही अंतर मोजून सापडेल, काही नाही. अशी यादी गावातल्या म्हाताऱ्यांकडूनच मिळते.

मालवणी_पाणी

बाय गे, वहीत धाकू भिकाजी असो कोण गावता काय बघ. तो माझो पणजो आसात. वाडी वरची.

चाकरमान्याची_लेक

बघते हो! सांगते.

जुना_टंकलेखक

मी फोर्टातल्या एका कचेरीत बत्तीस वर्षं मराठी टंकलेखन केलं. तुम्ही सगळे कानाच्या चुकांबद्दल बोलताय. डोळ्याच्या आणि हाताच्या चुकांबद्दल थोडं सांगतो.

हाताने लिहिलेल्या मजकुरावरून टाईप करताना घ आणि ध यांत गल्लत होते. भ आणि म यांत होते. थ आणि य यांत होते. घाडगेचे धाडगे मी स्वतः पाहिलेत. ख तर हमखास रव वाचला जातो, विशेषतः जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात, खरातचं रवरात होतं. ध-घ यांचा आवाज एकमेकांच्या जवळचा नाही. बाईंच्या तक्त्यात ते दोन वेगळ्या ओळींत आहेत. पण कागदावर ते सख्खे भाऊ आहेत.

आता हाताची चूक. आमच्या मशीनवर ध, भ, थ, ख, ण, श या अक्षरांचा शेवटचा काना वेगळा दाबावा लागे. एक कळ अर्ध्या अक्षराची, दुसरी कान्याची. घाईत काना राहिला की 'गणपत'चं 'गण्पत' होई. ऱ्हस्व वेलांटी आधी दाबायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती आधी येते. ती चुकून पुढच्या अक्षरावर गेली की नाव ओळखू येत नसे. साहेब लाल शाईने गोल करून पाठवत. पंधरा दिवसांत बोटांना कळलं.

तेव्हा ताई, तुमची वही टाईप करणाऱ्याने काय वाचलं तेही एकदा तपासा. चूक १९४८ च्या कारकुनाची नसून या वर्षीच्या टाईप करणाऱ्याची असू शकते.

कोडकोल्हापुरी

काका, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. यावरून बदलांच्या किमती ठरवता येतात. लेव्हेनश्टाइनमध्ये प्रत्येक बदलाला १ गुण धरतात, पण तो १ च असला पाहिजे असं नाही. काळे-काले यात ळ-ल बदलाला ०.२ द्या. ध-घ, भ-म यांना ०.४, कारण डोळा चुकला असेल. ळ-ण ला पूर्ण १. मग काळे-काले ०.२ आणि काळे-काणे १. नेमके आकडे ताईंनी आपल्या वहीवर लावून ठरवायचे.

आणखी एक. डॅमेराऊ नावाच्या संशोधकाने १९६४ मध्ये दाखवलं की टायपिंगच्या ८० टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं, किंवा शेजारची दोन उलटी पडलेली. ही उलटापालट आपल्याकडे वेगळी दिसते. 'चव्हाण'चं 'चह्वाण' झालं तर आपल्याला व आणि ह शेजारी वाटतात, पण कॉम्प्युटरला मध्ये हलन्त बसलेला दिसतो. त्यामुळे त्याला ती उलटापालट न वाटता दोन वेगळे बदल वाटतात. व्ह-ह्व, म्ह-ह्म, ल्ह-ह्ल यांचा नियम आधीच वेगळा लिहून ठेवा.

अनुस्वार

'ब्राह्मण'ला लोक 'ब्राम्हण' म्हणतात आणि लिहितातही. नियम लागतोच.

परळ_टीटी

माझं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. आजकालची मॉडेल्स शीव-सायन, बाळू-बाळकृष्ण सगळं ओळखतात. तुम्ही १९१८ आणि १९६५ मध्ये अडकलाय.

आडवा_तक्ता

परळसाहेब, मनावर घेतलंय. शीव-सायनसाठी मीही मॉडेलला विचारेन. पण इथे दोन गोष्टी आहेत. एक, ही यादी लोकांच्या नावांची, वाड्यांची, फोन नंबरांची आहे. मंडळाला न विचारता ती बाहेर कुठेही टाकू नये. दुसरं, उद्या कुणी विचारलं की माझ्या पणजाची ओळ शेजारच्या घराला का दिली, तर ताईंना उत्तर देता आलं पाहिजे. 'ळचा ल धरला, वाडी जुळली, बापाचं नाव जुळलं' हे उत्तर आहे. 'मॉडेल म्हणालं' हे उत्तर नाही.

परळ_टीटी

दुसरा मुद्दा मान्य. पहिला माझ्या डोक्यातच आला नव्हता, तोही मान्य.

सांताक्रूझची_सांख्यिकी

वाडी आणि बापाचं नाव, हाच माझा मुद्दा. नुसतं नाव जुळवू नका, सगळी ओळ जुळवा. आणि सगळ्या जुळण्यांना सारखं वजन देऊ नका.

फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ मध्ये याची रीतसर मांडणी केली. साध्या भाषेत असं: आडनाव सावंत जुळलं म्हणून काय हाती लागलं? तुमच्या वहीत सावंत पानापानावर असतील. दोन अनोळखी ओळीही सहज सावंत-सावंत जुळतील. पण आडनाव गावात एकाच घराचं असेल आणि ते जुळलं, तर ते पुष्कळ काही सांगतं. तेव्हा दुर्मिळ गोष्ट जुळली की जास्त गुण, सगळीकडे असणारी जुळली की थोडे. न जुळल्याचे उणे गुणही तसेच. वाडी वेगळी असेल तर मोठा उणे, पण खातं वेगळं असेल तर जवळजवळ काहीच नाही, माणसं खाती बदलत.

आणि कोकणातल्या आडनावांत 'कर' वेगळा काढा. मालवणकर, पेडणेकर, वेंगुर्लेकर या सगळ्यांचं शेपूट एकच. लहान आडनावात त्या शेपटामुळेच साम्य फुगतं. जारो-विंकलर म्हणून एक पद्धत आहे, ती सुरुवातीची अक्षरं, जास्तीत जास्त चार, जुळली तर बोनस देते. 'कर'वाल्यांना ती बरी पडते, कारण फरक पुढे असतो. पण तिलाही आधी काना-मात्रा सरळ करून द्या.

कोडकोल्हापुरी

जोड्यांचं ओझंही सांभाळा. हजार ओळी इकडे, हजार तिकडे, म्हणजे दहा लाख जोड्या. एवढं लॅपटॉप सहज करेल, पण दहा लाख निकाल वाचणार कोण? आधी बाईंच्या तक्त्याने ढोबळ कोड काढा आणि ज्यांचा कोड एक त्यांच्यातच अंतर मोजा.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर त्यात साऊंडेक्स, मेटाफोन (तीही आवाजावरून कोड काढणारी पद्धत), लेव्हेनश्टाइन तयार मिळतात. पण पहिले दोन देवनागरीला उपयोगाचे नाहीत, ती रोमन अक्षरांसाठीच आहेत. तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून जुळवणारं एक्स्टेन्शनही आहे, ते बघा.

युनिकोडवाला

कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, नाहीतर दोन दिवस डोकं आपटाल. स्क्रीनवर एकसारखी दिसणारी दोन नावं आतून वेगळी असू शकतात.

'ॲ' दोन प्रकारे टाईप होतो. एक सबंध अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरा 'अ' वर चंद्र. दिसायला सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. 'दऱ्या', 'सुऱ्या' मधला आडवा र तर तसाच. कुणाच्या कीबोर्डवर तो ऱ आणि हलन्त असा येतो, कुणाच्या र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा. 'गोऱ्हे' आडनाव असेल तर हमखास फसाल. पहिलं काम, ही अदृश्य चिन्हं काढा आणि प्रत्येक अक्षराचं एकच रूप ठरवा. मग बाकीचं.

चाकरमान्याची_लेक

गेले पंधरा दिवस इथे आले नाही, कारण तुम्ही सांगितलेलं सगळं करत बसले होते. आता सविस्तर लिहिते.

आधी युनिकोडवाल्यांचं ऐकलं. वहीच्या टंकलेखनात आडवा र खरंच दोन प्रकारे होता. मग इंग्रजी यादी देवनागरीत आणली. हे सगळ्यात किचकट निघालं, कारण इंग्रजी डीचा ड करायचा की द हे कळत नाही. म्हणून प्रत्येक नावाची दोन-तीन देवनागरी रूपं ठेवली आणि त्यातलं जे वहीशी सगळ्यात जवळ जाईल ते धरलं. व्ही आणि डब्ल्यू दोन्हीचा व. तिन्ही सावंत एका खणात आले तेव्हा मी खुर्चीतून उठून आईला हाक मारली.

मग अनुस्वार, वेलांट्या, श-ष, ळ-ल, ण-न. महाप्राण फक्त ढोबळ कोडात सारखे धरले, अंतर मोजताना नाही. टंकलेखककाकांनी सांगितलं म्हणून ध-घ जोड्या वेगळ्या काढून मूळ वही भिंगाने पाहिली. अकरा ठिकाणी चूक आमच्याच टायपिंगची होती. काका, तुम्ही सांगितलं नसतं तर त्या अकरा माणसांचं नाव आम्ही दुसऱ्यांदा बदललं असतं.

वजनं सांताक्रूझच्या ताईंनी सांगितली तशी दिली. आणि रात्रपाळीदादांचं वाक्य मी यादीच्या वर लिहून ठेवलंय: 'हे दोघे एक असू शकतील, बघा.' निकालात कुठेही 'जुळले' असा शब्द ठेवला नाही. 'बघा' एवढाच रकाना आहे, शेजारी कारण, आणि दोन जणांच्या सह्यांची जागा. एक सही मंडळाच्या माणसाची, दुसरी त्या घरातल्या कुणाची. चुकीच्या घराला दुसऱ्याचा आजा द्यायचा नाही, एवढं मी ठरवलंय.

एका ठिकाणी अडले आहे. तुकाराम बाबाजी सावंत नावाच्या दोन ओळी आहेत. वाडी एक, वर्ष एक, दोघेही साचाखात्यात. एका ओळीत सही आहे, दुसऱ्या ओळीत अंगठा. आजच्या यादीत मात्र एकच घर येतं. मूळ प्रश्न पुन्हा तोच विचारते, याला कुठली पद्धत?

सांताक्रूझची_सांख्यिकी

याला आकडेमोड नाही. तुमच्याकडे आहे ती सगळी माहिती दोन्ही ओळींत सारखीच आहे. नवी माहिती बाहेरून आणावी लागेल.

जुना_टंकलेखक

सही आणि अंगठा ही माहिती नाही का? सही करणारा अंगठा देत नाही. दोन वेगळी माणसं आहेत ती. लांबचे भाऊबंद असतील, आजोबांच्या वडिलांचं नाव दोघांच्या घरांत ठेवलेलं असेल.

आडवा_तक्ता

काका बरोबर बोलले. तो रकाना ताईंनी टाईप केला नसणार, म्हणून यंत्राला दिसला नाही.

चाकरमान्याची_लेक

खरंच नाही केला. आज रात्री बसून सगळ्या वहीचा सही-अंगठा रकाना भरते.

मालवणी_पाणी

माझ्या पणज्याचा काय झाला गे?

चाकरमान्याची_लेक

दादा, सापडला! धाकू भिकाजी नावाने शोधला तर नव्हता. वहीत 'ढाकू भिकाजी' आहे, पान एकोणीस, वरची वाडी, रिंगखातं, चार आणे. बाईंच्या तक्त्यात ढ आणि ध एका ओळीत नाहीत, पण मूर्धन्य-दंत्य जोड्यांनाही मी थोडीच किंमत लावली होती म्हणून वर आला. नावापुढे अंगठा आहे. 'बघा' रकान्यात ठेवलाय. रविवारी चार वाजता लालबागच्या खोलीवर या, घरातलं कुणी मोठं माणूस बरोबर आणा. वही टेबलावर काढून ठेवते.